पंचांसमक्ष

उभ्या बीड जिल्ह्यात नुसतं दिसून माणसं पळवून लावण्याच्या बाबतीत आमच्या समोरच्या घरातल्या जमादारांचा हात धरणारा कुणी सापडायचा नाही. हेड कॉन्स्टेबलला आमच्या भागात अजूनही जमादारच म्हणतात, आणि हे गृहस्थ निवृत्त होऊन कितीतरी उन्हाळे झाले तरी जमादारच राहिले. जमादार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं झुपकेदार मिशा, हातात काठी आणि तोंडात शिवी असं काही आलं असेल तर ते आधी पुसून टाका. आमचे जमादार अंगानं किरकोळ, आवाजानं मवाळ. मिशी ठेवायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता, पण डाव्या बाजूनं साथ दिली नाही म्हणून तो नाद सोडला. सगळ्या नोकरीत त्यांनी कुणावर हात उगारल्याचं ऐकिवात नाही. दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा ते "चला, पुढं व्हा" असं अहो-जाहो करून हाकलतात. तरीही हा माणूस बगलेत लिहायचं पॅड मारून चौसाळ्याच्या बाजारपेठेतून निघाला की दोन्ही बाजूंची दुकानं बघता बघता ओस पडायची. एकदा कटिंगच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला माणूस गळ्यातल्या फडक्यासकट मागच्या दारानं जो गेला, तो उरलेली दाढी करायला थेट मांजरसुंब्याला उगवला. हॉटेलच्या मालकानं तर स्वतःचीच भजी तेलात तशीच सोडून दिली आणि गिऱ्हाईक असल्यासारखा तोंड पुसत रस्त्याला लागला.

ह्या सगळ्याचं कारण म्हणजे पंच. चोरी झाली, झडती घ्यायची झाली, हायवेवर ट्रक उलटला, की पोलिसांना पंचनामा करावा लागतो आणि पंचनाम्याला दोन पंच लागतात. म्हणजे त्या भानगडीशी काडीचा संबंध नसलेली दोन भली माणसं, ज्यांनी सगळं डोळ्यांनी बघायचं आणि खाली सही ठोकायची. सही ठोकणं सोपं असतं. पण मग ती केस बीडच्या कोर्टात कधीतरी, सगळे सगळं विसरून गेल्यावर, उभी राहते. पंचाच्या नावानं समन्स निघतं आणि ऐन कापूस वेचणीत बिचाऱ्याला इस्त्रीचे कपडे घालून एसटी धरावी लागते. तिथं वकील विचारतो, "पोलिसांनी सांगितलं म्हणून सही केली ना? हो की नाही, एवढंच सांगा." हे एकदा भोगलेला माणूस पुन्हा पंच होत नाही आणि न भोगलेला दुसऱ्याचं ऐकून शहाणा होतो. आमच्या ठाण्यात पंच धरून आणायचं काम कायम जमादारांकडं असे. चोर पकडायला ते क्वचितच गेले, पण पंच पकडायला जवळजवळ रोज, आणि खरं सांगायचं तर चोर एक वेळ लवकर सापडायचा.

पंचनामे लिहून लिहून त्यांची बोलीसुद्धा पंचनाम्याची झाली होती. बाजारात वांगं हातात घेऊन, ते देठापाशी उचकटून बघून, ते भाजीवालीला सांगत, "सदर वांगं आतून किडकं असल्याचं दिसून येतंय, मावशी." घराचा पत्ता विचारला की चारी दिशा सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे: पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस रस्ता ओलांडून पेपरवाल्याचं घर, उत्तरेस बोळ, दक्षिणेस नाली. पाहुण्यांना मोरी दाखवतानाही हाच प्रकार. घरातून बाहेर पडताना ठाण्यातल्यासारखी तोंडी नोंद व्हायची. उंबऱ्यात उभं राहून ते म्हणत, "जमादार बाजाराकडं रवाना." आतून वहिनींचा आवाज यायचा, "बरं, घेतली नोंद." परत आल्यावर "जमादार हजर," आणि आतून, "या." हे उत्तर आल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. एकदा गिरणीच्या आवाजात वहिनींना ऐकूच गेलं नाही, तर हे भर उन्हात चपला हातात घेऊन कितीतरी वेळ दारात उभे. शेवटी मीच समोरून ओरडून वहिनींना सांगितलं की तुमचा माणूस हजर झालाय, त्याला घरात घ्या.

पश्चिमेचा पेपरवाला तो मीच. बीडच्या एका दैनिकाला मी गावच्या बातम्या पाठवतो आणि सकाळी सायकलवर तोच पेपर वाटतोही. माझी बातमी मीच लोकांच्या दारात टाकतो आणि चुकीची निघाली तर शिव्याही जागेवरच खातो. नोकरीत असताना जमादारांकडून मला गुन्ह्यांची माहिती मिळे. त्यात बातमीसारखं काही नसायचं; बैल चोरीला गेला, मोटारीची वायर कापली, दोन भावांत बांधावरून डोकी फुटली. पण ते ती इतक्या गंभीरपणे सांगत की मीही गंभीरपणे लिहून घेई.

तर जमादारांच्या पुण्याच्या मुलानं एका दिवाळीला मोठा टीव्ही आणून भिंतीला लावला, त्याला नेट जोडलं आणि त्यात एक मालिका सुरू करून दिली. समुद्रकाठच्या एका महानगरातली गोष्ट. घरातही काळा चष्मा न काढणारा एक इन्स्पेक्टर, पांढऱ्या मोजडीतला एक मंत्री, गच्चीवर कबुतरं पाळणारा आणि त्याच गच्चीवरून नशेच्या पुड्यांचा धंदा चालवणारा एक म्होरक्या, आणि ह्या तिघांच्या मागं लागलेला एक दाढीवाला पत्रकार. बाकीचं जग असल्या मालिका थरारासाठी बघतं. जमादारांनी ती तपासणीसाठी घेतली.

पहिल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते माझ्या ओट्यापाशी आले. "पेपरवाले, रिकामे हाव का? जरा पंच म्हणून या." इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात आधी चपलांकडं गेला. ते घाईनं म्हणाले, "टीव्ही बघायचाय वो. एकट्यानं बघितलेलं उद्या कुणी खरं मानंल का?" आत गेलो तर दुसऱ्या पंच म्हणून वहिनी पदर खोचून बसलेल्या. "घरची बाई पंच चालत न्हाई खरं तर," जमादार मला बाजूला घेऊन म्हणाले, "पण मनुष्यबळ कमी हाय." वहिनींनी ते ऐकलं. "आन् च्या कोण करंल? पंच का आरोपी?" त्यांनी विचारलं. त्यावर जमादारांकडं कलम नव्हतं.

रिमोट हा मुद्देमाल, आणि तो वहिनींच्या ताब्यात. जमादारांना त्यातलं एकही बटण कळत नसे आणि कळून घ्यायची त्यांची इच्छाही नव्हती. मालिका सुरू होऊन इन्स्पेक्टरनं पहिलाच दरवाजा लाथेनं उघडला आणि जमादार खुर्चीतून उठलेच. "थांबवा! थांबवा म्हणतो ना!" वहिनींनी अंगठा दाबला. पडद्यावर इन्स्पेक्टरचा पाय हवेत तसाच राहिला. जमादार त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. "पंच कुठं हायेत ह्याचे? सदर इन्स्पेक्टर एकटाच घुसला. उद्या तो कबुतरवाला म्हणंल, पुड्या ह्यानंच आणून ठेवल्या. झाली का केस? मातीत गेली." मग पुढं जायचं. दोन मिनिटांत इन्स्पेक्टर पुडी फोडून करंगळीनं चव बघे आणि पुन्हा, "थांबवा! मुद्देमाल खाल्ला! पेपरवाले, बघितलं का तुमी? लक्षात ठेवा. लाख लावून सील करायचं सोडून हा खायलाय." मंत्र्यानं ठाण्यात फोन लावला की ते जोरात हसत. "मंत्री कशाला फोन करंल? मंत्र्याच्या ड्रायव्हरचा साडू करतो, आन् तोच लई दमात घेतो." पत्रकार पडद्यावर आला की माझी पाळी. "तुमच्या माणसानं बातमी छापायच्या आधी ठाण्यात विचारलं का? खुलासा द्या." ज्याच्या ऑफिसला काचेच्या भिंती आहेत आणि ज्यानं आयुष्यात कधी पेपरचा गठ्ठा सुतळीनं बांधलेला नाही, अशा त्या माणसाच्या वतीनं मी रविवारमागून रविवार खुलासे दिले. मी हात जोडून म्हणायचो, "जमादार, तो चुकला." ते म्हणायचे, "तुमी आपल्या माणसाला पाठीशी घालत न्हाई, हे चांगलं हाय."

आमच्या तिघांत गोष्ट म्हणून ती मालिका फक्त वहिनीच बघत होत्या. पुढं काय होणार ह्याच्यात त्यांचा जीव अडकलेला असायचा. चष्मा नाकावर ओढून, अंगठा बटणावर ठेवून त्या पडद्याकडं झुकून बसत आणि नेमका कुणाचा तरी जीव टांगणीला लागला की जमादारांचं "थांबवा!" येई. "बघू द्या की वो जरा पुढं," त्या म्हणत. "आधी हे सांगू द्या," ते म्हणत. तासाभराच्या भागाला अख्खी दुपार जायची. सगळे भाग टीव्हीत तयार होते, ओळीनं बघितले असते तर महिन्याभरात संपले असते. पण जमादारांचा नियम कडक होता. "एका रविवारी एकच भाग. घाईत तपास बिघडतो." मला वाटतं, त्यांना तपासापेक्षा रविवार पुरवायचे होते. कारण सोमवार उजाडला की त्यांच्याकडं कुणी फिरकत नसे. वर्दी गेली, पॅड गेलं, तरी ते हॉटेलात जाऊन बसले की शेजारच्या बाकावरची माणसं एकेक करून उठायची. कुणाला म्हैस आठवायची, कुणाला पाहुणा. मुद्दाम अपमान करायचा कुणाच्या मनात नव्हता. पायांनाच ती सवय लागून गेली होती. जमादार एकटेच चहा पीत आणि घरी येऊन सांगत, "गाव लई कामाला लागलंय."

शेवटचा एकच भाग उरला होता. त्या रविवारच्या आधी वहिनींना अचानक धाप लागायला लागली, त्यांना बीडच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून त्या परत आल्या नाहीत.

भेटायला आलेले लोक विचारायचे, कसं झालं. माणूस कसा गेला, ह्याच प्रश्नाची उत्तरं जमादारांनी जन्मभर लिहिली होती. पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा त्यांनी सुरुवात केली, "सदर..." आणि तिथंच थांबले. मग म्हणाले, "गेली." त्यानंतर कुणीही विचारलं तरी तेवढंच. मुलगा पंधरा दिवस राहून गेला, सून राहून गेली, आणि समोरचं घर एकदम गप्प झालं. संध्याकाळी भाजी घेऊन आले की जमादार उंबऱ्यात थांबायचे. मला इकडून ऐकू यायचं, "जमादार हजर." मग थोडा वेळ तसेच उभे राहून ते आत जायचे. मी ओट्यावर बसलेला असायचो.

टीव्ही मात्र बंद. मी दोन-तीनदा विषय काढला, तर म्हणाले, "एक पंच कमी हाय." वर्ष गेलं. वर्षश्राद्ध झालं, आणि मुलानं पुण्याचा धोशा लावला. "बाबा, इथं एकटे काय करता? चला आता." जमादार म्हणाले, "तपास अपुरा हाय. एक भाग बाकी हाय."

"तो पुण्यात बघू की. तिथं पण टीव्ही आहे."

"न्हाई. हितं सुरू केलेलं हितंच पुरं करायचं. दोन पंच मिळू दे, मग येतो."

मुलगा माझ्याकडं बघून हसला, पण त्याचे डोळे ओले होते. तो म्हणाला, "काका, तुम्ही तरी बघा काहीतरी." मला खरं म्हणजे जमादारांनी जायला नको होतं. समोरचं दार उघडं असलं की मला बरं वाटायचं. पण हा माणूस रोज दुपारी बंद टीव्हीपुढं मांडीवर हात ठेवून बसतो, हेही बघवत नव्हतं. तेव्हा म्हटलं, चला, एक पंच शोधू.

दिवाळीनंतरचे दिवस. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, घरोघर कुलपं आणि ओट्यावर म्हातारी माणसं. जी उरली होती ती जमादारांना पुरती ओळखत होती. आम्ही किराणा दुकानात गेलो तर दुकानदाराची बायको म्हणाली, "ते तर तेलगावला गेलेत, चार दिवस येत न्हाईत." तेवढ्यात मिरचीच्या पोत्यामागून एक शिंक आली, मग आणखी दोन. जमादार पोत्याकडं बघून नम्रपणे म्हणाले, "बरं, तेलगावहून आले की सांगा, जमादार येऊन गेलते म्हणून." गुरुजींनी आम्हाला फाटकाच्या आतही घेतलं नाही. "मी साक्षीला येत नसतो, आधीच सांगतो," ते म्हणाले. जमादार म्हणाले, "साक्ष न्हाई वो गुरुजी. टीव्ही हाय." गुरुजी दोन पावलं मागं सरले. "टीव्हीचोरीच्या केसमध्ये तर मुळीच नाही. माझा भाचा त्याच्यातच अडकलाय." आमच्या भागातले पंचायत समितीचे सदस्य, शंभर एकराचे मालक, ते मात्र मोठ्या मनाचे. त्यांनी जमादारांना मिठी मारली, "जमादार, तुमच्यासाठी जीव हाजिर हाय" असं म्हणाले, आणि तसेच गाडीत बसून निघून गेले.

ह्याचा परिणाम वेगळाच झाला. जमादार पंच शोधतायत, पुड्यांची केस आहे, त्यात कुणी मंत्री आहे, एवढं गावाला कळलं आणि नोकरीत असताना कधी पडली नव्हती इतकी बाजारपेठ ओस पडली. मला बीडहून माझ्याच दैनिकाचा फोन. "चौसाळ्यात ड्रग्जचं मोठं प्रकरण उघडकीस आलंय म्हणे, आणि तुम्ही झोपा काढताय?" मी सांगितलं की सदर प्रकरण टीव्हीवरचं आहे. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुम्हाला पण कुणीतरी दमात घेतलेलं दिसतंय." ते जमादारांना सांगितलं तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा ते मोकळं हसले. लगेच त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे आता तर कुणीच यायचं न्हाई," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात एका दुपारी बप्पा माझ्या ओट्यावर येऊन टेकले. बप्पा म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरचे म्हातारे शेतकरी. जमादारांच्या सगळ्या नोकरीत नशेचा गुन्हा एकच झाला, आणि त्यातले आरोपी हेच. तुरीच्या ओळीत गांजाची चार झाडं सापडली. बप्पांचं म्हणणं, पाखरांनी बी टाकलं असेल. जमादारांनी त्या दिवशी दोन पंच कसेबसे धरून आणले, सगळं रीतसर केलं, लाखेचं सील लावलं, आणि कोर्टात दोन्ही पंच फुटले. एकानं झाडं ओळखायला नकार दिला. दुसरा न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, मला ती झेंडूची वाटली." बप्पा निर्दोष सुटले. त्यानंतर ते आणि जमादार समोरासमोर आले की एकमेकांना रामराम घालत, पण थांबत नसत.

"पेपरवाले," बप्पा म्हणाले, "जमादारला पंच मिळंना म्हणं?"

"नाही मिळत, बप्पा."

"मी चालतो का?"

"तुम्ही? अहो, तुम्ही तर आरोपी!"

"सुटलोय की. माजे दोन्ही पंच फुटले म्हणून सुटलो. पंच नसला की केसचं काय व्हतं, ते माज्याइतकं कुणाला म्हाईत हाय?" ते हसले आणि मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आन् घरी तरी कोण हाय? पोरगं आन् सून कोयता घेऊन गेलेत कारखान्याला, नातू बी संगं नेलाय. भिताडाकडं बघून बघून किती बघावं?"

रविवारी दुपारी बप्पा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून वेळेवर आले. जमादार दारात उभे होते. आरोपीला पंच म्हणून येताना बघून त्यांच्या चेहऱ्यावर बरंच काही येऊन गेलं. "बप्पा, एक विचारू का? त्या येळंला झाडं तुमचीच व्हती ना?"

"आता कावून विचारायलाव, जमादार? आज मी पंच हाय."

जमादारांनी मान हलवली. "बसा," ते म्हणाले आणि स्वतः आत जाऊन तिघांसाठी चहा टाकून आले.

रिमोट वहिनींनी ठेवला होता तिथंच, देवळीत, रुमालात गुंडाळून होता. मी नवे सेल घातले. टीव्ही लागला, मालिका सापडली, भागांची रांग आली. बघून झालेल्या प्रत्येक भागाच्या खाली एक तांबडी रेघ असते, जितकं बघितलं तितकी लांब. मी शेवटच्या भागावर आलो. त्याच्याही खाली तांबडी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मागं गेलो, पुढं आलो. रेघ होती.

"काय झालं?" जमादारांनी विचारलं.

"जमादार, हा भाग बघून झालेला दिसतोय."

"कुणी बघितला?"

वहिनी गेल्यापासून रिमोट देवळीतून हलला नव्हता, आणि त्याआधी त्या घरात दोनच माणसं राहत होती; त्यातल्या एकाला टीव्ही लावता येत नव्हता. बप्पा खाली बघायला लागले. जमादार म्हणाले, "न्हाई. ती माज्याबिगर बघणार न्हाई." चहा तसाच राहिला. शेवटी आठवून आठवून, सावकाश बोलायला लागले. "दवाखान्यात न्यायच्या आधी, त्याच आठवड्यात, मी बीडला गेलतो. पेन्शनच्या कामाला. दिवसभर ती एकलीच व्हती. आलो तर भाजी करपलेली. म्हणली, डोळा लागला. बघत बसली असंल."

"असेल," मी म्हणालो.

"पण मला कावून सांगितलं न्हाई?" त्यांनी आधी मला विचारलं, मग बप्पांना. जमादार पडद्यावरच्या त्या तांबड्या रेघेकडं बघत राहिले आणि मग त्यांना ते उमगलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम उतरला. "एक भाग तरी तिला सबंध बघायचा असंल," ते म्हणाले. "मधी कुणी थांबवा म्हणल्याबिगर."

बप्पांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. म्हटलं, आता हे उठतील आणि आम्हाला जायला सांगतील. पण जमादारांनी खुर्ची थोडी पुढं ओढली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मला म्हणाले, "लावा."

भाग सुरू झाला. काळ्या चष्म्याच्या इन्स्पेक्टरनं बंदरावरच्या गोदामाचा दरवाजा लाथेनं उघडला. एकटाच. मी जमादारांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. इन्स्पेक्टरनं पुडी फोडली, चव बघितली आणि उरलेली खिशात घातली. जमादारांच्या हाताची बोटं गुडघ्यावर आवळली गेली. मंत्र्यानं स्वतः फोन केला. पत्रकारानं ठाण्यात कुणाला न विचारता बातमी छापली. शेवटी तर कबुतरवाल्याच्या गच्चीवरून पोतीच्या पोती माल निघाला आणि आजूबाजूला औषधालाही पंच नव्हता. बप्पांना राहवेना. "जमादार," ते हळूच म्हणाले, "ह्याचे पंच कुठं हायेत?" जमादारांनी पडद्यावरची नजर न काढता त्यांच्या हातावर हात ठेवला. "बघू द्या," ते म्हणाले.

रिमोट आता माझ्या हातात होता, पण इतक्या रविवारांत पहिल्यांदाच कुणाला बटण दाबावं लागलं नाही; माझा अंगठा नुसता शेजारी पडून राहिला. गोष्ट काय आहे तेही त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं. चांगली होती. पात्रांची नावं वर सरकायला लागली. टीव्हीनं आपलं आपणच दुसरी कुठली तरी मालिका पुढं केली, तेव्हा मी तो बंद केला. त्याच आठवड्यात मुलगा न्यायला येणार हे मला माहीत होतं आणि जमादारांनाही. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी कुणाला तरी हाक मारून गेलं. आम्ही उठायला हवं होतं, पण तिघांतलं कुणीच उठलं नाही.

"लई चांगली व्हती," जमादार म्हणाले.

कशाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही. बप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, "व्हतीच की."